मावशी चिपळूणला उतरली, पण गाडी रिकामी का झाली?

या वेळचं पत्र लांबलचक होतं, वर अकरा स्क्रीनशॉट, म्हणून कापून छाटून देतेय. गेमचं नाव देऊ नकोस म्हणालाय, नाही देत.

"ताई, मी आणि माझी मामेबहीण, दोघांनी नोकऱ्या सांभाळून रात्री जागून अडीच वर्षांत एक गेम बनवला. कोड आणि स्टोरी माझी, चित्रं तिची. १९९४ सालची मुंबई-सावंतवाडी रातराणी. तुम्ही कंडक्टर दिनू. बाबा पण कंडक्टर होते, ते वारले, आता त्यांच्याच रूटवर दिनूची पहिली रात्र. तिकिटं फाडायची, प्रवाशांशी बोलायचं, काय उत्तर द्यायचं ते निवडायचं, आणि पहाटे सावंतवाडी डेपोत बाबांबद्दल एक गोष्ट कळते, तिथे संपतो. तीन तासांचा आहे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकला, अडतीस रिव्ह्यू आले, आधी बरं चाललं होतं, आता 'मिक्स्ड' (काहींना आवडला, काहींना नाही) दिसतंय. सगळ्यांचं एकच रडगाणं, प्रवाशांतल्या सुमनमावशीला का उतरवलं, परत आणा. अहो तिचं गाव चिपळूण आहे, ती चिपळूणलाच उतरणार ना? वर ड्रायव्हरची भाषा चुकली, बेल चुकली, दिनूचं लग्न लावा, शेवट अचानक येतो. एकाने लिहिलं, 'एक बेल दिली की गाडी थांबते, सुटायला डबल बेल लागते, लेखकाने जन्मात एसटीने प्रवास केलेला दिसत नाही.' ताई, माझे आजोबा एसटीत होते. मी रात्री दोन वाजता त्याला उत्तर दिलं, जरा जास्तच दिलं, आता त्याचेच स्क्रीनशॉट फिरतायत. बहीण म्हणते लोकांचं ऐकू, मावशीला सावंतवाडीपर्यंत नेऊ. मी म्हणतो एक अक्षर बदलणार नाही, स्टोरी माझी आहे. आठ दिवस आमचं बोलणं बंद आहे. कोण बरोबर? — एक बेल"

अरे एक बेल,

सही बघून हसले, म्हणजे मनातून तुला कळलंय.

आधी ते रात्री दोनचं उत्तर, कारण बाकीचं सगळं निवांत करता येईल, ते नाही. मी पूर्ण वाचलं. त्यात 'तुम्हाला कथा कळलेली नाही' तीनदा आहे, आजोबा आहेत, अडीच वर्षं आहेत, आणि शेवटी 'जमत असेल तर स्वतः बनवून दाखवा' आहे. बाबा रे, त्या माणसाने पैसे मोजून तुझा गेम घेतला, तीन तास खेळला आणि तुला एक खरी चूक फुकटात दाखवून दिली. टोमणा मारला हे खरं, पण टोमण्याला तू टोमण्याने नाही तर निबंधाने उत्तर दिलंस, आणि ते उत्तर रिव्ह्यूच्या खालीच दिसतं, म्हणजे गेम घेऊ का नको असा विचार करत पानावर आलेला प्रत्येक नवा माणूस आधी तुझा निबंध वाचतो आणि मग गेम बघतो. ते उत्तर बदलता येतं, आजच बदल. उडवून टाकू नकोस, स्क्रीनशॉट फिरतायत म्हणजे उडवलंस तर 'पळाला' म्हणतील. दोन ओळी लिही: रात्री चिडून लिहिलं होतं, माझं चुकलं. बेलचं तुमचं बरोबर आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतोय. बस. आजोबांना मध्ये आणू नकोस. (आणि खरं सांग, आजोबा डेपोत हिशोबाला होते ना? गाडीवर असते तर ही चूक तुझ्या हातून झाली नसती.)

आता बेल आणि भाषा. यावर चर्चा नको, वाद नको, मान्य करून टाक. फीडबॅकमध्ये हा प्रकार सगळ्यात सोपा असतो, आणि गंमत म्हणजे डेव्हलपर लोक नेमके यावरच सगळ्यात जास्त भांडतात, कारण इथे चूक सिद्ध होते, बाकी ठिकाणी 'ज्याची त्याची आवड' म्हणून सुटता येतं. तुझा ड्रायव्हर कुडाळचा आहे आणि बोलतो असा की जणू सदाशिव पेठेत मुंज झाली त्याची. एकीने लिहिलंय बघ, चौथा स्क्रीनशॉट, 'कुडाळचो माणूस कशाला म्हणूचो नाय, कित्याक म्हणतलो, होया तर डायलॉग तपासून देतंय.' अरे ती स्वतःहून म्हणतेय तपासून देते! आणि तू त्याच्यावर लाल गोल करून मला पाठवलंस, 'बघा कसे लोक आहेत' म्हणून. तिला आजच्या आज मेसेज कर, ड्रायव्हरचे सगळे डायलॉग एका फाइलमध्ये दे, जे काय ठरेल ते पैसे दे, फुकट करून घेऊ नकोस, आणि क्रेडिट्समध्ये तिचं नाव टाक. तुला भीती असेल की नागपूरच्या माणसाला मालवणी कळणार नाही, तर ते दिनूच्या उत्तरात सांभाळ. ड्रायव्हर म्हणाला 'माका झोप येता', दिनू म्हणाला 'मग महाडला चहाला थांबू', झालं की, खाली भाषांतराची पट्टी लावायची गरजच नाही पडत.

लग्न. दोघांनी मागितलंय. दोघांनाही हसून सोडून दे.

मावशीकडे येते. तुझा प्रश्न खरं तर हाच आहे, आणि तुम्ही दोघं भावंडं त्यावर भांडताय ते 'परत आणायची की नाही' एवढ्यावरच. मी म्हणेन नको आणू, पण तू देतोयस त्या कारणासाठी नाही.

कथेवर आणि पात्रांवर लोक चिडले असं आपण म्हणतो तेव्हा त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक बघ, फॉलआउट ३ हा गेम, २००८ चा. शेवटी एका खोलीत जायचं असतं जिथे जीव जाईल इतका किरणोत्सर्ग आहे, कोणीतरी जायलाच हवं. आणि तुमच्या शेजारी फॉक्स नावाचा धिप्पाड म्युटंट उभा असू शकतो ज्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही, इतकं की आधी एकदा तो तुमच्यासाठी तसल्याच जागेत जाऊन वस्तू घेऊन आलेला असतो. आणि शेवटी त्याला सांगितलं की जा बाबा, तर म्हणतो नाही, हे तुझ्या नशिबात आहे. लोक भडकले, बरोबरच भडकले, कारण ते पात्र स्वतःशीच खोटं बोललं, लेखकाला हिरो मारायचा होता म्हणून. पुढच्या वर्षी ब्रोकन स्टील नावाची पुरवणी आली त्यात फॉक्सला आत पाठवता येतं आणि गेम पुढे चालू राहतो. तिथे बदल करणंच योग्य होतं. तुझी मावशी असं काही करते का? नाही. मुंबईला चढताना तिकीट चिपळूणचं काढते, चिपळूणला उतरते. ती स्वतःशी खरी आहे. म्हणजे हा आजार तुझा नाही.

दुसरं, मास इफेक्ट ३, मार्च २०१२. तीन गेम लोकांनी आपापले निर्णय घेतले आणि शेवटी जे पर्याय आले त्यांचे शेवट जवळपास सारखे, उजेडाचा रंग तेवढा वेगळा, लाल, हिरवा, निळा. चाहत्यांनी काय केलं माहितीये, कॅनडात एडमंटनला, गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या ऑफिसात जवळपास ४०० कपकेक पाठवले, तीन रंगांचे, आणि चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. इतका नेमका फीडबॅक मी तरी दुसरा पाहिला नाही, शिवी नाही, धमकी नाही, खाल्लं की कळतं. (बाकी लोकांनी शिव्याही भरपूर घातल्या, ते सोड.) त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने एक्स्टेंडेड कट फुकट दिला. त्यात त्यांनी शेवट मुळातून उलटा केला नाही, नंतर कोणाचं काय झालं ते दाखवलं, सोबतची माणसं, कोण वाचलं, कुठे गेलं. काहींचं समाधान झालं, काहींचं नाही. पण बघ, 'शेवट बदला' अशी बोंब होती आणि दिलं गेलं ते 'पुढे काय झालं'.

आता तुझा सातवा स्क्रीनशॉट परत वाच. 'मावशीचा डबा शेवटपर्यंत माझ्या बॅगेत राहिला, सावंतवाडीला पण उघडून बघितला, रिकामाच होता, त्याचं काय करायचं ते कळलंच नाही.' तू बाजूला लिहिलंयस, 'बग, आयटम काढायचा राहिला.' मी तर तो डबा वाचून दोन मिनिटं गप्प बसले. मावशी लालबागला मुलाकडे जाऊन आली आहे, गिरणी बंद पडून तो घरी बसलाय, तिने त्याला तांदळाच्या भाकऱ्या नेल्या होत्या, त्यातली एक परत आणलीये आणि ती दिनूला देते, 'जेवलास का रे' म्हणून. मग उतरते आणि डबा राहतो. आणि एक अनोळखी माणूस पुढचा तासभर तो डबा बॅगेत घेऊन फिरतो आणि शेवटच्या स्टँडवर उघडून बघतो. हा बग आहे होय? तुझ्या अख्ख्या गेममध्ये प्लेअरने स्वतःहून केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे ती, आणि तू ती काढून टाकणार होतास.

पण मावशीला बसमध्ये परत बसवलंस तर काय होईल ते मी सांगू शकते, कारण मी केलंय. आमच्या एका जुन्या मोबाइल गेममध्ये एका सोसायटीचा वॉचमन होता, अर्ध्या गोष्टीत नोकरी सोडून गावी जायचा. लोकांनी मेल टाकून टाकून हैराण केलं, आम्ही पुढच्या अपडेटला आणला परत. आणला खरा, पण त्याची गोष्ट संपलेली होती ना, त्याला बोलायला काही उरलंच नव्हतं, मग तो नुसता गेटवर उभा, टॅप केलं की 'बरंय ना साहेब?' परत टॅप केलं की परत 'बरंय ना साहेब?' ज्या लोकांनी त्याच्यासाठी मेल टाकले होते तेच पंधरा दिवसांत त्याला न बघता पुढे जायला लागले. मला त्याचं इतकं वाईट वाटलं ना, गावी गेला होता तेव्हा आठवण तरी काढत होते. सावंतवाडीपर्यंत नेलेल्या मावशीचं हेच होणार, राजापूरला ती झोपलेली दाखवशील, कणकवलीला परत 'जेवलास का'.

मग लोक नेमकं कशावर रडतायत? तुला मेल करून उरलेले सत्तावीस रिव्ह्यू पण मागवले होते ना, ते याचसाठी. बसून मोजलं. मावशीचं नाव एकवीस जणांनी घेतलंय. ड्रायव्हर नऊ. बेल तीन. लग्न दोन. दिनू 'जरा थंड वाटतो' असं चौघांनी. आणि बाबा? अडतीस रिव्ह्यूंमध्ये बाबांचं नाव एकदाही नाही.

एकदाही नाही रे. ज्यांच्या रूटवर गाडी चाललीये, ज्यांच्यावर शेवट उभा आहे, त्यांच्याबद्दल कोणाला चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द लिहावासा वाटला नाही. तू चिडलेल्या लोकांना घाबरलायस, मी तुझ्या जागी या गप्प बसण्याला घाबरले असते. पात्रावर लोक चिडतात तेव्हा ते पात्र त्यांच्या डोक्यात राहायला आलेलं असतं. द लास्ट ऑफ अस पार्ट टू हा गेम, जून २०२०, त्यातल्या ॲबी या पात्रावर लोकांनी किती राग काढला, तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या आल्या, जो फीडबॅक वगैरे काही नाही, गुन्हा आहे, आणि तुला कोणी असलं लिहिलं तर वाचत बसू नको, रिपोर्ट कर आणि ब्लॉक कर. पण त्याच वर्षी डिसेंबरात त्याच भूमिकेसाठी तिला द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार पण मिळाला. सांगायचं एवढंच की रागाचं काहीतरी करता येतं. ज्या पात्राचं कोणी नावच घेत नाही त्याचं काय करणार.

मग मी गेम खेळले, वही घेऊन बसले. बाबा येतात कुठे कुठे? सुरुवातीला ट्रंकेतला एक फोटो. मुंबईला वाहतूक नियंत्रकाची एक ओळ, 'तुझे वडील फार सज्जन हो.' त्यानंतर थेट सावंतवाडी. मध्ये अडीच तास काही नाही! आणि सावंतवाडीला एकदम कळतं की ते हिशोबात पैसे कमी भरले म्हणून निलंबित झाले होते, आणि कमी का पडायचे तर गरीब माणसांकडून अर्धंच घ्यायचे आणि बाकीचे स्वतःच्या खिशातून भरायचे, शेवटी शेवटी खिसाच पुरला नाही. छान आहे रे हे, खरंच छान आहे, मला आवडलं. पण तोपर्यंत बाबा माझे कोणी लागतच नाहीत. म्हणून लोक लिहितात 'शेवट अचानक'. शेवट अचानक नाहीये, माणूस अनोळखी आहे.

मधल्या अडीच तासांत दिनूला 'जेवलास का' विचारणारं एकच माणूस भेटतं, ते चिपळूणला उतरतं. त्यानंतर संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, चार थांबे, आणि त्यात कोण आहेत तर तो निवडणुकीचा कार्यकर्ता, झोपलेलं जोडपं आणि कोंबडी घेऊन चढलेला म्हातारा, म्हणजे सगळा टाइमपास. विनोद बरे आहेत, कोंबडीवर मी हसले पण. पण मावशीला परत आणा म्हणणारे लोक म्हणतायत की ती गेल्यावर या गाडीत आमचं कोणी उरलं नाही.

तू पत्रात एक ओळ घाईत टाकून गेलायस, की प्रत्येक थांब्याला अचिव्हमेंट (तिथे पोचलं की मिळणारा बिल्ला) ठेवलीये आणि चिपळूणनंतर आकडा निम्म्याच्याही खाली येतो, 'पण लांब गेम आहे म्हणून असेल'. तीन तास म्हणजे लांब? स्टीमवर कुठल्या अचिव्हमेंटपर्यंत किती टक्के लोक पोचले ते सगळ्यांना उघड दिसतं, छोट्या टीमला यापेक्षा स्वस्त तपासणी नाही, आणि त्याचा फायदा असा की तिथे जे लोक काहीच न लिहिता निघून गेले त्यांचंही मत पडलेलं असतं. आणि तुझं चिपळूण साधारण एक तास पन्नास मिनिटांनी येतं, मी घड्याळ लावून बघितलं. स्टीमचा रिफंडचा नियम माहितीये ना, घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. म्हणजे नेमकी ज्या जागी लोकांची गाडीतली गोडी संपते तिथे त्यांना पैसे परत घ्यायची पण सोय आहे. सहज सांगितलं, छातीत धस्स होऊ देऊ नको.

मग करायचं काय. मावशी चिपळूणलाच उतरू दे. पण ती या गाडीने पहिल्यांदा जात नसेल तर? महिन्याला एकदा जाते मुलाकडे, याच रातराणीने, म्हणजे बाबांच्या गाडीने. बाबांनी तिच्याकडून कधी पुरते पैसे घेतलेच नाहीत. आता हे तिच्या तोंडून वदवून घेऊ नकोस हं, तुला ती सवय आहे, तुझी पात्रं स्वतःबद्दल फार नीट बोलतात. चिपळूण स्टँड येतं, ती उठते, पदराची गाठ सोडते आणि दिनूच्या हातावर नाणी मोजायला लागते. तिकीट तर मुंबईलाच फाडलंय. दिनू म्हणतो, मावशी पैसे दिलेत तुम्ही. ती मोजतच राहते. 'मागचे आहेत.' इथे प्लेअरला निवडू दे, घ्यायचे की नाही. घेतले तर बॅगेत जातात, नाही घेतले तर ती ते गुपचूप डब्यात टाकून डबा सीटवर ठेवून जाते, आणि मग ज्याने सावंतवाडीला डबा उघडून बघितला ना, त्याला तो या वेळी रिकामा नाही मिळणार. आणि डेपोत बाबांच्या तुटीचा आकडा वाचून दाखवतील तेव्हा खुलासा करणारा तो लांबडा डायलॉग, तो जो साहेब सलग नऊ बॉक्स बोलतो, तो अर्धा काढता येईल. लोकांना आधीच कळलेलं असेल.

आता हे मी लिहिलं खरं, पण मी पण तेच केलं जे तुझे प्लेअर करतायत, दुखणं सांगता सांगता औषध पण देऊन बसले. नको असेल तर फेकून दे, तुला याहून चांगलं सुचेल, दिनू आणि बाबा तुझ्या डोक्यात अडीच वर्षं आहेत, माझ्या डोक्यात चार दिवस. दुखतं कुठे ते मात्र लक्षात ठेव, चिपळूण ते राजापूर. तेवढाच पट्टा उघड. बाकीच्याला हात लावू नको, बहीण म्हणाली तरी.

कारण गेम विकून झालाय. बाल्डर्स गेट ३ या गेमचं उदाहरण लोक फार देतात, की बघा त्यांनी फीडबॅक ऐकून विल नावाच्या सोबत्याची अख्खी गोष्ट नव्याने लिहिली, आवाज देणारा नट पण बदलला. बरोबर आहे, पण ते अर्ली ॲक्सेसमध्ये होते, म्हणजे गेम अपुरा असतानाच विकत होते, ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३, जवळजवळ तीन वर्षं, घेणाऱ्याला माहिती होतं की घर अजून बांधतायत. गेम पूर्ण बाहेर आल्यावर त्यांनी काय केलं बघ, कार्लाकसाठी लोक हळहळले तर तिच्या शेवटात भर घातली, आणि नोव्हेंबरात सगळ्यांसाठी एक उपसंहार दिला, जुनी मंडळी परत भेटतात असा. नंतरची ती सगळी भर होती, पाडापाडी नाही. तुझ्या अडतीसपैकी जवळजवळ वीस जणांनी अंगठा वर केलाय, त्यांना आवडलेली गाडी तू मोडून ठेवू शकत नाहीस.

लिहून झालं की लगेच टाकू नकोस. ज्याने गेम पाहिलेला नाही असा एक माणूस पकड, कोणीही, शेजारचा मुलगा, ऑफिसातला, त्याला मुंबईपासून खेळायला बसव आणि तू मागे बस. तोंड बंद. 'इथे ना खरं तर' असं एकदा जरी म्हणालास तरी ती टेस्ट बाद. त्याचा अंगठा बघत राहा, कुठे भराभर पुढे ढकलतो आणि कुठे थांबतो. नाण्यांपाशी थांबला तर जमलं. नाही थांबला तर त्याला विचारू नको का नाही थांबलास, बिचारा काहीतरी बनवून सांगेल तुझं मन राखायला, घरी ये आणि परत लिही. आणि जुन्या सेव्ह फाइल्स तपास, कोणी लांज्याला थांबवून ठेवला असेल त्याच्या बॅगेत डबा आहे पण नाणी नाहीत, त्याचा गेम सावंतवाडीला अडकला तर नवा एकोणचाळीसावा रिव्ह्यू काय येईल ते मी सांगायला नको.

अपडेटची नोंद चार ओळींची ठेव. बेल दुरुस्त केली, ड्रायव्हरची भाषा दुरुस्त केली, चिपळूणनंतरच्या भागात भर घातली, आभार. 'तुमच्या मागणीवरून' लिहू नको, उद्या लग्नाची मागणी करणारे दोघं हक्काने येतील. मतदान घेऊ नको. मावशी परत का आली नाही याचं स्पष्टीकरण तर मुळीच देऊ नको, खेळतील आणि बघतील.

आता बहीण. तू विचारलंस कोण बरोबर. ती ऐकायला हवं म्हणते त्यात बरोबर आहे, सगळं ऐकायला हवं म्हणते तिथे चुकतेय, तुझं त्याच्या बरोबर उलटं. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. एकवीस जण मावशीसाठी रडले ना, त्यातले पाच जण काय लिहितात बघ, 'भाकरी देताना तिचे हात', 'मावशीचे हात', 'त्या हातांवरच्या शिरा'. हात तू नाही लिहिलेस, तुझ्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'सुमनमावशी भाकरी पुढे करते' एवढंच असणार. हात तिने काढलेत. लोक ज्या मावशीला परत मागतायत ती निम्मी तुझ्या बहिणीची आहे, आणि तू तिलाच सांगतोयस स्टोरी माझी आहे. मला पुढचा मेल टाकायच्या आधी तिला फोन कर. नाणी मोजणाऱ्या हातांचं चित्र लागणार आहे तुला, आणि ते काही मी काढून देणार नाहीये.

आणि बेल. बेल आज रात्रीच बदल, बहिणीशी बोलणं व्हायची वाट बघू नको, पाच मिनिटांचं काम आहे. एक बेल थांबायला, दोन सुटायला.